तिसऱ्या खुर्चीतला माणूस

मुंबईहून नागपूरला निघालेल्या एखाद्या एअरबसच्या कॉकपिटमध्ये डोकावायला मिळालं, तर समोरच्या पॅनेलवर एक आखूड दांडा दिसेल. टोकाला चाकाच्या आकाराची मूठ. तो वर-खाली केला की विमानाची चाकं आत-बाहेर होतात. दोन वैमानिकांच्या मधल्या कट्ट्यावर आणखी एक दांडा असतो, पंखाच्या फ्लॅपचा. त्याची मूठ चपटी, पंखाच्या कडेची आठवण करून देणारी. अंधारात, घाईत नुसता हात लागला तरी आपण काय धरलंय ते कळावं, अशी ही सोय. वाहतुकीच्या विमानांत या दोन मुठींचे आकार नियमानंच ठरवून दिलेले आहेत. हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला तो वैमानिक नव्हता आणि इंजिनिअरही नव्हता. तो मानसशास्त्र शिकलेला होता, आणि शिकलेसवरलेले वैमानिक रोज तीच ती बावळट चूक करतात यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

त्याचं नाव अल्फॉन्स चॅपॅनिस. १९४३ साली येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला हा तरुण ओहायो राज्यात, डेटन शहरालगतच्या राइट फील्ड या लष्करी विमानतळावरच्या प्रयोगशाळेत कामाला होता. दुसरं महायुद्ध ऐन भरात आलेलं. त्या वेळी बी-१७ जातीच्या बॉम्बफेकी विमानांना एक चमत्कारिक खोड लागली होती. विमान सुखरूप उतरायचं, धावपट्टीवर धावू लागायचं, आणि मध्येच चाकं पोटात घेऊन फतकल मारायचं. शत्रूचा गोळा लागलेला नाही, इंजिन बिघडलेलं नाही. उतरल्यावर फ्लॅप वर घ्यायचे असतात, वैमानिकानं त्याऐवजी चाकंच वर घेतलेली असत. चौकशीच्या कागदावर शेरा ठरलेला: वैमानिकाची चूक. फाइल बंद.

चॅपॅनिसला प्रश्न पडला तो साधा होता. सी-४७, म्हणजे आपल्याकडेही पुढे वर्षानुवर्षं उडालेलं डाकोटा, चालवणारे वैमानिक ही चूक का करत नाहीत? तेही त्याच शाळेत शिकलेले, तितकेच दमलेले. तो बी-१७ च्या कॉकपिटमध्ये जाऊन बसला आणि उत्तर त्याच्या समोरच होतं. चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी, हुबेहूब सारखे. डाकोटात मात्र त्या दोन कळा वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या घडणीच्या. चॅपॅनिसनं बी-१७ मधल्या चाकांच्या खटक्याला एक लहानसं रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा बसवला. खर्च नगण्य. उतरल्यावर चाकं मिटण्याचा प्रकार बंद झाला. वैमानिक होते तेच होते.

(हाच गृहस्थ पुढे १९५९ साली चार बर्नरच्या शेगडीवर प्रयोग करत बसला होता. कुठल्या बर्नरची कळ कुठे बसवली म्हणजे माणूस चुकीचा बर्नर पेटवणार नाही, हे त्याला मोजायचं होतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या शेगड्या बनवणाऱ्यांनी तो निबंध वाचलेला दिसत नाही.)

बी-१७ चा जन्मच मुळी एका विसरलेल्या कळीतून झालेल्या अपघातानं गाजला होता. तेव्हा त्याचं नाव बोइंग मॉडेल २९९. ३० ऑक्टोबर १९३५ ला याच राइट फील्डवर मेजर प्लॉयर हिल ते घेऊन उडाले. त्यांच्यासोबत बोइंगचे प्रमुख चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर होते. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे पडदे फडफडू नयेत म्हणून एक कुलूप लावतात, ते काढायचं राहून गेलं. विमान सरळ वर चढलं, लुळं पडलं, कोसळलं आणि पेटलं. हिल गेले, नंतर टॉवरही गेले. स्पर्धेतली ऑर्डर डग्लस कंपनीला मिळाली. एका माणसाच्या आटोक्याबाहेरचं विमान, अशी चर्चा झाली. मग वैमानिकांनीच बसून एका कागदावर उड्डाणापूर्वी, उड्डाणात आणि उतरताना काय काय बघायचं याची यादी केली. आजची चेकलिस्ट ती हीच. मॉडेल २९९ पुढे बी-१७ म्हणून १२ हजारांहून जास्त बनलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की हिल आणि टॉवर त्या काळातल्या उत्तमांपैकी होते. नवशिक्यानं विसरावं आणि उस्तादानं विसरू नये, असं स्मरणशक्तीचं काही नसतं.

युद्ध संपल्यावर, १९४७ साली, राइट फील्डवरच्याच पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून त्यांच्या स्वतःच्या चुकांचे ४६० किस्से गोळा केले. निम्मे किस्से एकाच प्रकारचे निघाले: हात भलत्याच कळीवर गेला. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बी-२५ विमानात थ्रॉटल, पंख्याची कळ आणि इंधन-मिश्रणाची कळ डावीकडून उजवीकडे याच क्रमानं होत्या. डाकोटात पंख्याची कळ पहिली, थ्रॉटल दुसरं. सी-८२ मध्ये मिश्रणाची कळ पहिली. आज हे विमान, उद्या ते. हातांना जी सवय लागली ती दुसऱ्या विमानात जिवावर उठायची. फिट्स-जोन्सच्या दुसऱ्या अहवालात यंत्रं वाचताना झालेल्या २७० चुका होत्या. तीन काट्यांचा उंचीमापक वाचताना हजार फुटांची गफलत हा त्यातला बदनाम प्रकार. दोघांनीही ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द आपल्या अहवालाच्या मथळ्यात अवतरणचिन्हांत घातले. त्या दोन चिन्हांत सगळं आलं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं झपाट्यानं गेली. जेट आली, इंजिनं भरवशाची झाली, कळा एका क्रमानं बसल्या. १९६० च्या दशकात कॉकपिटमधलं बोलणं टिपून ठेवणारी टेप सक्तीची झाली आणि तिथून या कथेला वेगळं वळण लागलं. तोवर मेलेला वैमानिक खुलासा द्यायला येत नसे, त्यामुळे खापर फोडायला त्याचं डोकं नेहमीच सोयीचं. आता शेवटच्या अर्ध्या तासात कोण काय बोललं ते ऐकू येऊ लागलं. जे ऐकू आलं त्यानं चौकशी करणारे चक्रावले. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीजवळच्या दलदलीत ईस्टर्न कंपनीचं नवंकोरं ट्रायस्टार उतरलं नाही, आदळलं. १०१ माणसं गेली. विमानात बिघाड होता तो एका जळालेल्या दिव्याचा, नाकाखालचं चाक बाहेर आल्याची खूण दाखवणाऱ्या. सगळे मिळून तो दिवा काढण्यात गुंतले होते. त्या गडबडीत ऑटोपायलटची उंची धरून ठेवणारी कळ सुटली, विमान हळूहळू खाली येत राहिलं, आणि उंचीकडे कुणीच पाहत नव्हतं.

१ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूएचं एक विमान वॉशिंग्टनकडे उतरताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर गेलं, ९२ ठार. ‘उतरण्याच्या मार्गाला लागण्यास परवानगी’ या नियंत्रकाच्या वाक्याचा अर्थ वैमानिकांनी ‘लगेच खाली यायला हरकत नाही’ असा घेतला. नंतर कळलं की सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं विमान याच वाक्यामुळे त्याच डोंगरावर जाता जाता वाचलं होतं. युनायटेडनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना कोण सांगणार? त्यातून १९७६ साली अमेरिकेत चुका कळवण्याची एक गुप्त टपालपेटीच सुरू झाली, आणि ती मुद्दाम नासाकडे दिली. कारण उघड आहे. ज्याच्या हातात परवाना रद्द करायची सही आहे त्याला कुणी स्वतःहून आपली चूक लिहून पाठवत नाही.

पण कॉकपिटच्या आतल्या सहा हातभर जागेत कोण कुणाला काय सांगू शकतो, हा प्रश्न अजून कुणी नीट विचारलेला नव्हता. तो विचारला जायला २१ महिन्यांत तीन विमानं पडावी लागली. त्या तिन्ही विमानांत दोन वैमानिकांच्या मागे एक तिसरी खुर्ची होती. फ्लाइट इंजिनिअरची. त्याचं पॅनेल उजव्या भिंतीला. इंधन, दाब, वीज हे त्याचं खातं. उड्डाणाच्या वेळी तो खुर्ची वळवून पुढे तोंड करून बसतो. त्याच्या हातात सुकाणू नसतं, हुद्दा तिघांत खालचा. मात्र तिथून दोघांचीही यंत्रं एकदम दिसतात.

पहिलं ठिकाण टेनेरिफ, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक. तारीख २७ मार्च १९७७, रविवार. शेजारच्या ग्रान कनारिया बेटाच्या विमानतळावर फुटीरतावाद्यांनी बॉम्ब फोडला म्हणून तिकडची विमानं टेनेरिफच्या लहानशा लोस रोदेओस विमानतळावर वळवलेली. जागा कमी, एकच धावपट्टी, आणि टॅक्सीवेवर विमानं उभी, त्यामुळे निघणाऱ्याला धावपट्टीवरूनच उलटं चालत जाऊन टोकाला वळायचं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच असलेल्या या विमानतळावर ढग उतरायला वेळ लागत नाही. त्या दिवशी दुपारनंतर ते उतरलेच. टॉवरला धावपट्टी दिसेना, धावपट्टीवरच्यांना एकमेकं दिसेनात.

पुढे होतं डच कंपनी केएलएमचं जंबो, म्हणजे बोइंग ७४७. कॅप्टन याकोब फेल्डहाउझन फान झांटेन. केएलएमच्या जाहिरातीत ज्याचा हसरा चेहरा छापला जाई तो हा माणूस. कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचा प्रमुख. त्यामुळे त्याचा बराचसा वेळ सिम्युलेटरमध्ये जाई, आणि सिम्युलेटरमध्ये उड्डाणाची परवानगी शिकवणाराच देतो. शेजारी बसलेले सहवैमानिक क्लास मर्स यांना दोनच महिन्यांपूर्वी ७४७ साठी पास करणारे परीक्षकही फान झांटेनच. डोक्यावर टांगती तलवार होती ड्यूटीच्या तासांची. डच नियम तेव्हा नुकतेच कडक झाले होते. उशीर झाला तर विमान, प्रवासी, कर्मचारी सगळ्यांचा मुक्काम तिथेच.

टोकाला वळून उभं राहताच कॅप्टननं थ्रॉटल पुढे सरकवायला सुरुवात केली. मर्स म्हणाले, थांबा, आपल्याला अजून परवानगी नाही. कॅप्टन म्हणाला, ठाऊक आहे, विचार तू. मर्सनी विचारलं. टॉवरनं उड्डाणानंतर कुठल्या मार्गानं जायचं ते सांगितलं. ती मार्गाची परवानगी होती, धावण्याची नव्हे. मर्स ती परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टननं ब्रेक सोडले आणि डच भाषेत म्हणाला, आपण निघालो. आता मर्सची पंचाईत पाहा. एका मिनिटाच्या आत साहेबांची चूक दुसऱ्यांदा काढायची? त्यांनी मधला मार्ग काढला. रेडिओवर टॉवरला सांगितलं, ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत.’ या वाक्याचा अर्थ काहीही होऊ शकतो: धावतोय असा, किंवा तयार उभे आहोत असाही. टॉवरनं दुसरा घेतला. ‘ओके’ म्हणून जोडलं, थांबा, मी सांगेन. त्याच क्षणी, याच धावपट्टीवर समोरून चालत येणाऱ्या पॅन अमच्या जंबोनं घाबरून कळवलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकदम आले. केएलएमच्या कानात ‘ओके’ पोचलं आणि पुढे नुसती कर्कश शिट्टी.

टॉवर आणि पॅन अम यांच्यातलं नंतरचं बोलणं तिसऱ्या खुर्चीतल्या विलेम श्रूडर यांनी ऐकलं. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे तो अजून बाजूला झालेला नाही का?’ कॅप्टननं विचारलं, काय म्हणालास? श्रूडरनी पुन्हा विचारलं, तो पॅन अमवाला बाजूला झालेला नाही का? ‘झालाय की,’ कॅप्टन म्हणाला, ठासून. श्रूडर गप्प बसले. काही सेकंदांतच ढगातून समोर पॅन अमचं विमान आलं, आडवं वळत असलेलं. ५८३ माणसं गेली. केएलएममधली २४८ च्या २४८. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा आजही सर्वांत मोठा अपघात आहे.

स्पॅनिश अहवालानं मुख्य दोष कॅप्टनवर ठेवला. डच बाजूनं बरीच हुज्जत घातली, सदोष रेडिओ, टॉवरची भाषा, पॅन अमची चुकलेली वळणाची वाट. सगळे मुद्दे खरे होते. पॅन अमला तिसऱ्या वाटेनं बाहेर पडायला सांगितलं होतं, आणि जंबोसारख्या धुडाला ते वळण घेणं जवळपास अशक्य. शेवटी नुकसानभरपाईची जबाबदारी केएलएमनं घेतली. जगभर नियम झाला की ‘टेक-ऑफ’ हा शब्द ती परवानगी देताना किंवा काढून घेताना सोडून कुणी उच्चारायचाच नाही. शब्दाचा बंदोबस्त झाला. श्रूडरच्या प्रश्नाचा व्हायचा होता. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, ही म्हण हॉलंडमध्ये नसेल, पण तिचं आचरण तिथेही होतं.

दुसरं ठिकाण आपलं. १ जानेवारी १९७८, वांद्र्याचा समुद्र. एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘सम्राट अशोक’. आदल्या दिवशीचं दुबईचं उड्डाण पक्ष्याच्या धडकेमुळे रखडलेलं, ते नववर्षाच्या रात्री सांताक्रूझहून निघालं. २१३ माणसं. कॅप्टन मदनलाल कुकर, सुमारे १८ हजार तासांचा अनुभव. सहवैमानिक इंदू विरमाणी, हवाई दलातून आलेले. फ्लाइट इंजिनिअर आल्फ्रेडो फारिया.

विमान पश्चिमेकडे उडालं, किनारा ओलांडला. आता खाली अरबी समुद्र, वर आकाश, दोन्ही काळं. मागे मुंबईचे दिवे, पण पुढच्या काचेतून त्यांचा उपयोग नाही. ठरल्याप्रमाणे उजवीकडे एक हलकं वळण झालं आणि विमान सरळ झालं. कॅप्टनसमोरचं क्षितिज दाखवणारं यंत्र मात्र सरळ झालं नाही. ते अजून विमान उजवीकडे कललेलंच दाखवत होतं. कॅप्टननं ते खरं मानून सुकाणू डावीकडे वळवलं. विमान डावीकडे कलू लागलं. यंत्र मात्र आपलं तेच दाखवत राहिलं. आणखी डावीकडे.

इथे सामान्य वाचकाच्या मनात येतं की एवढं मोठं विमान कलंडतंय आणि आत बसलेल्याला कळत नाही? नाही कळत. आपला तोल कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतल्या द्रवावर अवलंबून. कलणं सावकाश असेल तर तो द्रव हलल्याचं मेंदूला कळतच नाही, आणि एका वळणातून बाहेर आल्यावर सरळ असतानाही तिरकं असल्यासारखं वाटतं. दिवसा डोळे ही गफलत दुरुस्त करतात. अंधाऱ्या समुद्रावर डोळ्यांना धरायला काहीच नसतं. म्हणून वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की शरीरावर विश्वास ठेवू नकोस, यंत्रावर ठेव. कुकर यांनी नेमकं शिकवलेलंच केलं. यंत्र खोटं बोलत होतं.

कॅप्टन म्हणाले, माझ्या यंत्रांना काय झालं? विरमाणींनी आपल्या यंत्राकडे पाहिलं. ते बहुधा बरोबर चालू होतं आणि विमान डावीकडे भयानक कललेलं दाखवत होतं. पण साहेबांचं यंत्र उजवीकडे दाखवतंय म्हटल्यावर त्यांनाही वाटलं आपलंच बिघडलं. ‘माझंही कोसळलं,’ ते म्हणाले. मधोमध तिसरं, राखीव यंत्र होतं. ते दोघांनीही पाहिलं नाही. आदळण्याच्या सुमारे पाच सेकंद आधी टेपवर फारियांचा आवाज आहे: त्यावर जाऊ नका, त्यावर जाऊ नका. तोवर विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे कलंडून नाकावर खाली निघालं होतं. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत ‘सम्राट अशोक’ किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर, जेमतेम दहा मीटर खोल पाण्यात पडलं. कुणीही वाचलं नाही.

आपल्या चौकशीनं कारण दिलं ते कॅप्टनचं चुकीचं सुकाणू, यंत्र बिघडल्यावर इतर यंत्रं न पाहणं. अमेरिकेत बोइंग आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला चालला. १९८५ साली तिथल्या न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. खापर जिथे होतं तिथेच राहिलं. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असेल. पण मला त्या अहवालात एक गोष्ट खटकते. तीन माणसांपैकी एकाला खरं दिसलं होतं आणि त्यानं ते सांगितलंही, या गोष्टीला अपघाताच्या कारणांत जागा नाही. ती तपशिलात राहिली.

तिसरं ठिकाण अमेरिकेतलं पोर्टलँड, २८ डिसेंबर १९७८. युनायटेडचं डीसी-८, १८९ माणसं. चाकं बाहेर काढताना मोठा धक्का बसला आणि चाकं नीट बसल्याच्या सगळ्या हिरव्या खुणा लागल्या नाहीत. कॅप्टन मॅलबर्न मॅकब्रूम सावध माणूस. जवळपास एक तास त्यांनी विमान शहरावर घिरट्या घालत ठेवलं, प्रवाशांना आपत्कालीन उतरण्यासाठी तयार करवलं, पुन्हा पुन्हा चाकांची खात्री केली. आणखी पंधरा मिनिटं लागतील असं ते म्हणाले तेव्हा फ्लाइट इंजिनिअर फॉरेस्ट मेंडेनहॉल बोलले: पंधरा मिनिटांत आपलं इंधन फारच खाली जाईल. साहेबांनी ऐकलं. मनावर घेतलं नाही. पुढे एक इंजिन बंद पडू लागलं तेव्हा कॅप्टननं विचारलं, का? उत्तर एका शब्दाचं होतं: इंधन. विमान विमानतळापासून सहा मैलांवरच्या झाडीत उतरवावं लागलं. टाक्या कोरड्या असल्यामुळे आग लागली नाही, म्हणून दहाच माणसं गेली. मेंडेनहॉल त्या दहांत होते.

या वेळी चौकशीनं वेगळं लिहिलं. कॅप्टननं इंधनाकडे दुर्लक्ष केलं हे मुख्य कारण दिलंच. पण त्यासोबत हेही नोंदवलं की इतर दोघांना एक तर परिस्थितीचं गांभीर्य कळलं नाही, किंवा कळलं ते त्यांना कॅप्टनपर्यंत पोचवता आलं नाही. शिफारस अशी की कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवा आणि कॅप्टनांना ऐकायला. जून १९७९ मध्ये नासानं सॅन फ्रान्सिस्कोत एक परिषद भरवली. त्याच वर्षी रफेल स्मिथ या ब्रिटिश डॉक्टरनं ७४७ च्या सिम्युलेटरमध्ये खऱ्या वैमानिकांना मुद्दाम अडचणीत टाकून पाहिलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. विमान हाकण्याच्या कौशल्यात कमी पडणारे थोडेच निघाले. कामं वाटून न देणं, एकमेकांना न सांगणं, सांगितलेलं न ऐकणं, घोटाळे इथे होते. मानसशास्त्रज्ञ जॉन लॉबर यांनी याला ‘कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट’ असं नाव दिलं, पुढे त्याचं सीआरएम झालं. १९८१ मध्ये युनायटेडनं पहिला पूर्ण अभ्यासक्रम सुरू केला. जुन्या कॅप्टनांनी त्याला ‘शिष्टाचाराची शाळा’ म्हणून भरपूर टवाळी केली. वीस वर्षं मी बरोबर होतो आणि आता पोरांचं ऐकायचं?

ऐकण्याचा फायदा काय ते १९ जुलै १९८९ ला दिसलं. युनायटेडच्याच डीसी-१० चं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि सुकाणू चालवणारे तिन्ही हायड्रॉलिक्स निकामी झाले. हे घडणारच नाही अशी डिझायनरांना खात्री होती, म्हणून त्यासाठी चेकलिस्टच नव्हती. कॅप्टन अल हेन्स यांना कळलं की प्रवाशांत डेनिस फिच नावाचा त्यांच्याच कंपनीचा एक प्रशिक्षक वैमानिक आहे. त्याला कॉकपिटमध्ये बोलावलं आणि सरळ थ्रॉटल त्याच्या हातात दिले. तो गुडघ्यांवर बसून दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान वळवत राहिला. चौघं मिळून चुकतमाकत विमान आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आलं. आदळलं, पेटलं. २९६ पैकी ११२ गेले, १८४ वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की हे एकट्या कॅप्टनचं काम नव्हतं, सीआरएम नसतं तर आम्ही सगळे गेलो असतो.

गंमत अशी की ज्या दशकात तिसऱ्या खुर्चीतल्या माणसाचं ऐकायचं ठरलं त्याच दशकात ती खुर्ची विमानातून काढून टाकली गेली. संगणक आले, फ्लाइट इंजिनिअरची गरज उरली नाही. १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचं नवं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे पडून ९२ जण गेले. इंजिनं मंद गतीवर आहेत आणि वेग कमी होतोय हे पुढच्या दोघांच्या फार उशिरा लक्षात आलं. मागून बघणारं कुणी नव्हतं.

आता फक्त दोघं. एक चालवतो, दुसरा लक्ष ठेवतो. त्याचं अधिकृत नावच ‘मॉनिटरिंग’. आणि हुद्द्याचा प्रश्न आहे तिथेच आहे. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून दरीत गेलं. १६६ पैकी १५८ ठार. दोन तासांच्या टेपवर दीड तासाहून जास्त वेळ कॅप्टनच्या झोपेचा आवाज होता. तो उठला तेव्हा विमान फार उंचावर होतं, आणि अर्धवट झोपेतल्या मेंदूनं उतरायचं ठरवलं. सहवैमानिकानं तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं, म्हणजे उतरू नका, फेरी मारा. कॅप्टननं ऐकलं नाही. सहवैमानिकानं सुकाणू हाती घेतलं नाही.

७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला, तीच कंपनी, तसलीच टेबलटॉप धावपट्टी. पाऊस, पाठीमागून वारा, काचेवरचा वायपर धड चालेना. सुमारे ८,९०० फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते ४,४०० फूट ओलांडल्यावर. २१ माणसं गेली, दोन्ही वैमानिक त्यांत. कॅप्टन नावाजलेले होते, पूर्वी हवाई दलात होते. सहवैमानिकानं ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. अहवालानं संभाव्य कारण म्हणून दोन गोष्टी लिहिल्या: कॅप्टननं नियम मोडून उतरणं चालू ठेवलं, आणि सहवैमानिकानं नियमानुसार सुकाणू आपल्या हाती घेतलं नाही. पुढच्या पानांत आणखीही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कॅप्टनला कोझिकोडहून विमान न्यायचं होतं, कारण कंपनीनं तिथे पुरेसे कॅप्टन ठेवलेच नव्हते. हा भाग बातम्यांत फार थोड्यांनी छापला. अहवाल सगळ्यांसाठी खुला आहे. पहिल्या पानावरचं कारण वाचून तो मिटू नका.